आयोगाने अपील ‘निकाली’ काढले, पुढे काय?

‘सदर अपील निकाली काढण्यात येत आहे.’ राज्य माहिती आयोगाच्या आदेशात शेवटी हे वाक्य असते. ज्याच्या हाती तो कागद पडतो, त्याला एकतर आपण जिंकलो असे वाटते, नाहीतर सगळे संपले असे. दोन्ही समज चुकीचे असू शकतात. निकाली म्हणजे फाइल आयोगाच्या टेबलावरून उतरली, एवढेच. माहिती मिळणार की नाही, ते त्याच्या वरच्या ओळींत असते, आणि त्या ओळी फारसे कोणी वाचत नाही.

देवळ्यासारख्या तालुक्याच्या गावी शिक्षकाकडे शाळेबाहेरचे एक काम आपोआप येते, ते म्हणजे अर्ज लिहून देण्याचे. आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून मोहल्ल्यातले लोक जरा जास्तच येतात. शिष्यवृत्ती, रेशनकार्ड, सातबारावरचे नाव आणि अलीकडे माहितीचा अधिकार. मागच्या वर्षा-दोन वर्षांत एक प्रश्न वारंवार कानावर आला: ‘सर, आयोगाने नाही म्हटले. आता अपील कुठे करायचे?’ हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

आधी वाट कुठवर जाते ते पाहू. माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभर लागू झाला. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा त्याच्याही आधीचा, २००२ चा. अर्ज केल्यावर जन माहिती अधिकाऱ्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचे. उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे प्रथम अपील. तिथेही काम झाले नाही, तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील. आपल्या नाशिक जिल्ह्याचे काम आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे असते. अर्जाला १० रुपये, दोन्ही अपिलांना २०-२० रुपये. इथवर सारे स्वस्त आणि साधे आहे, वकिलाची गरज नाही.

यापुढे तिसरे अपील नाही. कायद्याच्या कलम १९(७) प्रमाणे आयोगाचा निर्णय बंधनकारक आहे, आणि कलम २३ सांगते की या कायद्याखालच्या आदेशाविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दावा चालणार नाही. म्हणजे देवळ्याच्या, मालेगावच्या किंवा नाशिकच्या कोर्टात जाऊन उपयोग नाही. आयोगाकडेच ‘पुन्हा बघा’ म्हणून अर्ज करणारेही असतात, पण आपल्याच निर्णयाचे पुनर्विलोकन करण्याची तरतूद या कायद्यात नाही. त्यात महिने जातात, हाती काही लागत नाही.

उरते ते उच्च न्यायालय. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ आणि २२७ खाली उच्च न्यायालयाला जो अधिकार आहे, तो कोणताही कायदा काढून घेऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये एल. चंद्रकुमार खटल्यात न्यायाधिकरणांच्या संदर्भात हे स्पष्ट केले. म्हणून आयोगाच्या आदेशाला रिट याचिकेने आव्हान देता येते. आता कोणत्या न्यायालयात, हाही प्रश्न असतोच. नाशिक जिल्ह्याची प्रकरणे मुंबईला उच्च न्यायालयाच्या मुख्य पीठासमोर चालतात. पण आपले धुळे, नंदुरबार, जळगाव, अहिल्यानगरचे नातेवाईक त्याच नाशिकच्या आयोगाकडून आदेश घेऊन जातील, तर त्यांची वाट छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे. एकाच घरातल्या दोन भावांची दोन दिशांना पायपीट व्हायची, म्हणून आधी जिल्हा बघावा.

लोक रिट याचिकेला अपील म्हणतात, आणि तिथेच घोळ होतो. दहावी-बारावीच्या पालकांना फरक लगेच समजेल. गुणपडताळणी वेगळी आणि पुनर्मूल्यांकन वेगळे. गुणपडताळणीत पेपर पुन्हा तपासला जात नाही, बेरीज बरोबर आहे का आणि एखादे उत्तर तपासायचे राहिले का, एवढेच बघतात. रिट याचिका बरीचशी गुणपडताळणीसारखी आहे. न्यायालय तुमच्या अर्जाचा निवाडा पहिल्यापासून करत नाही. आयोगाने कायदा चुकीचा लावला का, अधिकाराबाहेर गेला का, तुमचे म्हणणे ऐकून घेतले का, निर्णयाची कारणे दिली का, हे ते बघते. चूक आढळली तरी पुष्कळदा न्यायालय स्वतः माहिती देत नाही, प्रकरण आयोगाकडे फेरसुनावणीला पाठवते. त्यामुळे ‘हायकोर्टात गेलो की कागद हातात’ असे कोणी सांगत असेल, तर त्याच्यापासून दोन पावले लांब राहावे.

या वाटेने गेलेली काही प्रकरणे आपल्याच भागातली आहेत. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरचे नेते आणि राज्याचे माजी वनमंत्री सुरूपसिंग नाईक यांना सर्वोच्च न्यायालयाने मे २००६ मध्ये आरा गिरण्यांच्या परवान्यांच्या प्रकरणात न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक महिन्याची कैद सुनावली. शिक्षेतले बरेच दिवस ते मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात होते. एका नागरिकाने विचारले, आजार काय होता, कागद दाखवा. खाली नकार मिळाला, राज्य माहिती आयोगाने मात्र माहिती द्या म्हटले. त्यावर नाईक स्वतः उच्च न्यायालयात गेले. मार्च २००७ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, कैदेत असलेली व्यक्ती सरकारी रुग्णालयात दाखल झाली असेल, तर तिच्या उपचाराचे कागद मागणाऱ्याला मिळायला हवेत, आणि नकार द्यायचाच तर अपवाद म्हणून, लेखी कारणे देऊन. आयोगाच्या विरोधात कोर्टात जाणारा नेहमी सामान्य अर्जदारच नसतो, हेही इथे दिसते. कित्येकदा अर्जदार जिंकलेला असतो आणि कोर्टात जाते ती समोरची बाजू.

गोव्यातले प्रकरण तर आम्हा शिक्षकांच्या घरचेच. शालेय शिक्षण विभागातल्या एका माहिती अधिकाऱ्याला गोवा राज्य माहिती आयोगाने दंड केला होता, आणि त्याविरुद्ध डॉ. सेल्सा पिंटो यांनी याचिका केली. एप्रिल २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो दंड रद्द केला. निकाल देणारे न्यायमूर्ती शरद बोबडे पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. न्यायालय म्हणाले, ‘माहिती’ म्हणजे जे कागदावर आहे ते. एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही, याचे उत्तर म्हणजे माहिती नव्हे. आमच्याकडे येणाऱ्या अर्जांत निम्मे प्रश्न ‘का’ने सुरू होतात. ‘माझ्या मुलीला शिष्यवृत्ती का मिळाली नाही?’ हा प्रश्न आईच्या तोंडी शोभतो, अर्जात तो टिकत नाही. ‘अमुक वर्षाच्या शिष्यवृत्तीच्या मंजूर व नामंजूर यादीची, आणि माझ्या मुलीच्या अर्जावरील शेऱ्याची साक्षांकित प्रत द्यावी’ असे लिहिले, तर तीच गोष्ट कागद होऊन येते. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे रडगाण्याला तशीही जागा नाही.

दुसरी ठेच मणिपूरच्या खटल्यातली आहे. कायद्यात आयोगाकडे जाण्याच्या दोन वाटा आहेत, कलम १८ खाली तक्रार आणि कलम १९ खाली अपील. तक्रार सोपी वाटते, प्रथम अपिलाचा फेरा वाचतो, म्हणून अनेक जण सरळ तक्रारच करतात. डिसेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तक्रारीत आयोग अधिकाऱ्याला दंड करू शकतो, पण माहिती द्या असा आदेश काढू शकत नाही. माहिती हवी असेल तर अपीलच करायला हवे. साधी तक्रार घेऊन आयोगापर्यंत गेलेला माणूस मग उच्च न्यायालयात जाऊन काय मागणार? पहिल्या महिन्यात निवडलेली वाट दोन-तीन वर्षांनी आडवी येते.

दोन-तीन वर्षे आम्ही उगाच म्हणत नाही. प्रथम अपिलाला ३० ते ४५ दिवसांची मर्यादा आहे, द्वितीय अपिलाला कायद्याने कोणतीही मुदत घातलेली नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या आयोगापुढे प्रलंबित प्रकरणे एक लाखाच्या वर होती, देशात सर्वांत जास्त. आयुक्तांच्या जागा रिकाम्या राहतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सरकारांना त्या वेळेत भरायला सांगितले होते. एवढे थांबून चार ओळींचा आदेश मिळाला की माणूस खचतो, त्यात नवल नाही.

आमच्या ओळखीच्या एक खाला आहेत. त्यांचे पती तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेत शिपाई होते, नोकरीत असतानाच वारले. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी सेवापुस्तक लागते. शाळा म्हणे, ते कार्यालयात पाठवले. कार्यालय म्हणे, शाळेतून आलेच नाही. खालांनी माहितीच्या अधिकारात सेवापुस्तकाची प्रत आणि ते कोणत्या तारखेला कुठून कुठे गेले त्या आवक-जावक नोंदी मागितल्या. उत्तर आले, ‘अभिलेख आढळून येत नाही.’ प्रथम अपिलात तेच. द्वितीय अपिलात खालांनी स्पष्ट लिहिले होते की शोध घेण्याचा आणि जबाबदारी निश्चित करण्याचा आदेश व्हावा. सुनावणीला त्या बसने नाशिकला गेल्या, दहा मिनिटांत बाहेर आल्या. काही आठवड्यांनी आदेश मिळाला: अभिलेख उपलब्ध नसल्याचे जन माहिती अधिकारी सांगतात, सबब अपील निकाली.

खाला आम्हाला म्हणाल्या, ‘कागद हरवला म्हणतात. पण माणूस तर नोकरीला होता ना, सर? पगार तर होत होता?’

एवढ्या दोन वाक्यांत वकिलाला लागणारे दोन्ही मुद्दे आले होते. पहिला मुद्दा असा, की एकेकाळी कार्यालयाच्या ताब्यात असलेला कागद ‘सापडत नाही’ एवढ्यावर नाकारता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने विश्वास भांबुरकर यांच्या प्रकरणात सप्टेंबर २०१३ मध्ये हेच सांगितले आहे: कसून शोध घ्या, तरी मिळाला नाही तर जबाबदार कोण ते ठरवा, आणि आयोग अशी चौकशी करायला सांगू शकतो. हा निकाल दिल्लीचा असल्याने मुंबईवर बंधनकारक नाही, पण वकील तो पुढे ठेवू शकतात. शिवाय खालांच्या अपिलात चौकशीची लेखी मागणी होती आणि आदेशात तिच्याबद्दल एक अक्षर नाही. निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याने कारणे दिली पाहिजेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये क्रांती असोसिएट्स खटल्यात बजावले आहे. मालेगावच्या ज्या वकील साहेबांना आम्ही कागद दाखवले, त्यांनी या मौनावरच बोट ठेवले. मागणी लेखी नसती, तर बोट ठेवायला जागाच नव्हती.

दुसरा मुद्दा पगाराचा. पगार होत होता, म्हणजे वेतन पथकाकडे दरमहा पगारबिले जात होती. तेव्हा कोर्टाची तयारी सुरू ठेवून खालांनी १० रुपयांचा नवा अर्ज वेतन पथकाकडे केला. त्यात सेवापुस्तकाचे नाव नाही, फक्त ठरावीक वर्षांच्या पगारबिलांतल्या त्यांच्या पतीच्या नावाच्या पानांच्या प्रती मागितल्या. सगळी वर्षे मिळाली नाहीत, पण बरीच मिळाली. त्या आधारे शाळेने दुय्यम सेवापुस्तक तयार करायला घेतले आहे. ते वेळेत पूर्ण होईल का, ठाऊक नाही, म्हणून याचिकेचा मसुदाही तयार आहे. आयोगाच्या आदेशाने जुना अर्ज संपतो, नवे कागद मागण्याचा हक्क संपत नाही. आमच्या मते मुंबईची गाडी धरण्याआधी प्रत्येकाने हा विचार एकदा करावा: मला हवी असलेली गोष्ट आणखी कोणाच्या कपाटात असेल?

खालांना एका टप्प्यावर ‘ही त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती आहे’ असेही तोंडी सांगितले गेले. स्वतःच्या दिवंगत पतीचे सेवापुस्तक, आणि त्रयस्थ! या शब्दामागे एक खटला आहे, तोही महाराष्ट्रातला. गिरीश रामचंद्र देशपांडे यांनी अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयातल्या एका अधिकाऱ्याला मिळालेल्या नोटिसा, झालेल्या कारवाया आणि मालमत्तेची माहिती मागितली होती. केंद्रीय माहिती आयोगाने बहुतेक माहिती नाकारली, उच्च न्यायालयाने तो नकार कायम ठेवला, आणि ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही. कर्मचाऱ्याचे काम आणि त्यावरची कारवाई ही तो आणि त्याचा मालक यांच्यातली बाब आहे, व्यापक जनहित दाखवल्याशिवाय ती देता येत नाही, असे ठरले. एका माणसाने न्यायालयाची पायरी चढली आणि तो निकाल देशभरातल्या कार्यालयांना नकाराचा शिक्का म्हणून मिळाला. आव्हान देताना हेही ध्यानात ठेवावे लागते. कच्च्या कागदावर उच्च न्यायालयात हरलेले प्रकरण दुसऱ्या गरजवंताचीही वाट अडवते.

ही वाट आता आणखी अरुंद झाली आहे. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही हे बघावे लागे, आणि व्यापक जनहित असेल तर ती देता येई. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, पण त्यातून माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये झालेला बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. आता वैयक्तिक माहितीशी संबंधित असणे एवढेच नकाराला पुरते. विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, हे जुने वाक्यही गेले. नाईक यांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ज्याचा आधार घेतला होता, ते हेच वाक्य. एक खिडकी मात्र उघडी आहे. कलम ८(२) तसेच आहे, आणि जनहित नुकसानीपेक्षा जड असेल तर माहिती देता येते असे ते म्हणते. म्हणून यापुढे ज्या माहितीत कोणाचे नाव, पगार, गुण किंवा यादी येते, तिच्या प्रथम अपिलातच कलम ८(२) चा उल्लेख करून जनहित कोणते ते दोन ओळींत लिहावे. आयोगासमोर जे मांडलेच नाही, ते उच्च न्यायालयात पहिल्यांदा काढले तर अवघड जाते.

आपल्या समाजातल्या संस्थांबद्दल थोडे बोलायला हवे, कारण प्रश्न तिथेच जास्त निघतात. ‘आमची अंजुमन खाजगी आहे, आम्हाला हा कायदा लागू नाही’ असे अनुदानित शाळांचे चालक सांगतात. सप्टेंबर २०१९ मध्ये डी.ए.व्ही. कॉलेज ट्रस्टच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की सरकारी पैशावर भरीव प्रमाणात चालणारी शाळा-महाविद्यालये या कायद्यात येतात. शिक्षकांचे पगार सरकार देत असेल, तर हात झटकणे कठीण आहे. सहकारी पतसंस्था किंवा दूध संस्था थेट येत नाही, असा निर्णय ऑक्टोबर २०१३ मध्ये थलप्पलम बँकेच्या खटल्यात झाला. पण निबंधक कायद्याने त्या संस्थेकडून जी माहिती मागवू शकतो, ती निबंधकाच्या कार्यालयाकडे मागता येते. मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या जमिनीचा हिशेबही असाच. मुतवल्लीशी भांडत बसण्यापेक्षा, त्याने दरवर्षी वक्फ मंडळाला जे हिशेब द्यायचे असतात, त्यांच्या प्रती मंडळाकडे मागाव्यात. वक्फ मंडळ कायद्याने स्थापन झालेले आहे, त्याला नाही म्हणता येत नाही. आणि हिशेब आलेच नसतील, तर ‘हिशेब प्राप्त नाहीत’ हे मंडळाचे लेखी उत्तरही मोठा कागद आहे.

आता खर्चाचे. उच्च न्यायालयात वकील लागतोच असे नाही, परवानगी घेऊन स्वतः बाजू मांडता येते. पण तिथले कामकाज इंग्रजीत चालते, आणि आपला मराठी अर्ज, उत्तरे आणि आदेश यांचे इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. उर्दू कागद असेल तर त्याचेही. ज्याला परवडत नाही त्याने विधि सेवा प्राधिकरणाकडे जावे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणतीही महिला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागू शकते. अनुसूचित जाती-जमाती, अपंग व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतले लोक हेही त्यात येतात. तालुक्याच्या न्यायालयात विधि सेवा समिती असते आणि उच्च न्यायालयाची वेगळी समितीही आहे. सुनावणीला नाशिकला जाणे शक्य नसेल, तर आयोगाकडे ऑनलाइन हजेरी मागावी. ही सोय सर्व आयोगांनी द्यावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२३ चा आदेश आहे.

याचिकेला ठरावीक मुदत नाही, पण उशीर का केला हे न्यायालय विचारते. आदेश हातात आल्यावर दोन-तीन महिन्यांच्या आत हालचाल व्हावी. आदेशाचा लिफाफाही फेकू नये, त्यावरचा पोस्टाचा शिक्का तारीख सांगतो. आणि आदेश तुमच्या बाजूचा असेल आणि कार्यालय कोर्टात जाईल अशी शंका असेल, तर उच्च न्यायालयात कॅव्हेट दाखल करून ठेवावे, म्हणजे तुम्हाला न ऐकता स्थगिती मिळणे अवघड होते. रिझर्व्ह बँकेनेही आयोगाच्या आदेशांविरुद्ध कोर्ट गाठले होते. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बँक हरली आणि अर्जदार जिंकले. त्यांतले जयंतीलाल मिस्त्री यांनी गुजरातच्या एका सहकारी बँकेची माहिती मागितली होती.

आमच्याकडे कागद घेऊन येणाऱ्यांना एकच विनंती आहे, येताना सगळी पिशवी घेऊन या. मूळ अर्ज, १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पची झेरॉक्स, पोचपावत्या, दोन्ही अपिले, सुनावणीची नोटीस, आदेश आणि लिफाफे. शाळा सुटल्यावर साडेपाचनंतर आम्ही असतो. शुक्रवारी जरा उशीर होतो.